जुमार की प्रुसिक? तुम्ही विचारलंत म्हणून

सप्टेंबर संपत आला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येतात. एक मंडळाच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरीचे. दुसरे असे : ‘दादा, सॅडल घेतलंय. टेदरवर जुमार लावू का प्रुसिकवरच भागवू?’ विचारणारे बहुतेक आपल्याकडचे, कधीकाळी सह्याद्रीत दोरीला लटकलेले आणि आता इथे मिशिगनमध्ये धनुष्यबाण घेऊन हरणांच्या मागे लागलेले. झाडावर लटकताना दोरी धरायला जुमार हे यंत्र बरं की प्रुसिक ही गाठ, असा हा प्रश्न. दर वर्षी तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाही. इथे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. हरणाला वास आणि हालचाल चटकन कळते, त्यामुळे माणूस पंधरा-वीस फूट वर झाडावर बसतो. पूर्वी त्यासाठी मचाण खांद्यावर वाहून न्यायचे, अजूनही नेतात. सॅडल म्हणजे मचाणाला फाटा : कंबर आणि बूड पेलणारी रुंद पट्ट्यांची झोळी. तिच्यात बसायचं, पाय बुंध्याला लावलेल्या वीतभर पायरीवर टेकवायचे आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. झोळीच्या दोन बाजूंना जोडणारी दोरी म्हणजे ब्रिज. ब्रिजचा कॅराबिनर (उघड-बंद होणारी धातूची कडी) ज्या दोरीत अडकतो ती टेदर, ही डोक्याच्या उंचीवर झाडाला बांधलेली असते. चढताना कमरेभोवतून बुंध्याला वळसा घालणारी वेगळी दोरी असते, तो लाइनमन बेल्ट. खांबावर चढणाऱ्या वायरमनकडे असतो तसाच.

या दोन्ही दोऱ्यांवर असं काहीतरी लागतं जे हवं तेव्हा सरकेल आणि वजन पडलं की चावेल. तिथे गाठ की यंत्र, एवढाच तुमचा प्रश्न.

गाठ म्हणजे प्रुसिक आणि तिची भावंडं. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली गिर्यारोहकांपुढे मांडली. यंत्र म्हणजे जुमारच्या जातीचं काहीही. हा शब्द आमच्या ग्रुपमध्ये कित्येकांना फारसी वाटायचा, बेशुमारचा चुलतभाऊ. प्रत्यक्षात जुसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांच्या आडनावांचे तुकडे जोडून १९५८मध्ये तो झाला. सॅडलवर आपण खंडाळ्याच्या ड्यूक्स नोजला वापरायचो तसला मुठीचा मोठा जुमार कोणी लावत नाही. तळहातात मावेल असा, आत दोरीला दाबून धरणारी कॅम (फिरता खटका) असलेला छोटा भाऊ लावतात. सोयीसाठी मी त्यालाही जुमारच म्हणतोय.

आता उत्तर. मी लाइनमन बेल्टवर जुमार ठेवतो आणि टेदरवर गाठ. पुष्कळ लोक नेमकं उलटं करतात, आणि त्यांचंही काही अडत नाही.

लाइनमन बेल्ट चढताना सारखा कमी-जास्त करावा लागतो. बुंधा वर बारीक होत जातो, मध्येच फांदी येते. एक हात स्टिकवर असतो (स्टिक म्हणजे पट्ट्याने बुंध्याला आवळायचा शिडीचा तुकडा), दुसऱ्या हातात जाड हातमोजा. अशा वेळी एका हाताने दोरीचं मोकळं शेपूट ओढलं की दोरी कमी होते, ही जुमारची सोय सोन्यासारखी आहे. साधा प्रुसिक एका हाताने सरकवायला गेलात की तो दोरीबरोबर गोळा होऊन येतो. गाठीखाली छोटी कप्पी किंवा कडी लावून त्यावर उपाय होतो, पण मग लटकणाऱ्या वस्तूंत आणखी एकीची भर. शिवाय चढताना वजन मुख्यतः पायांवर असतं, यंत्रावर फार ताण येत नाही.

टेदरचं तसं नाही. वर पोचलं की लांबी एकदा जमवायची, मग तीन-चार तास तिला हात लावायचं काम फारसं पडत नाही. इथे मला धातू नको असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नर हरणं माद्यांमागे वेडी झालेली असतात तेव्हा, पहाटे जंगल इतकं स्तब्ध असतं की खारीने पानं उकरली तरी वाटतं कोणी माणूस चालत येतोय. त्या शांततेत कॅराबिनर जुमारला टेकला आणि ‘टिंग’ झालं, की संपलं. मी एक हरण असंच घालवलं. ते माझ्या उलट्या बाजूने आलं, मी बुंध्याभोवती वळायला गेलो, आणि चमचा ताटाला लागावा तेवढाच आवाज झाला. त्याने मान वर केली, शेपटीचा पांढरा झेंडा दाखवला आणि गेलं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. दोरी पकडणाऱ्या अशा साधनांचं युरोपियन मानक, ईएन ५६७, चार किलोन्यूटनची चाचणी मागतं, म्हणजे ढोबळमानाने चारशे किलो. शांतपणे लटकायला ते भरपूर आहे. पण टेदरमध्ये ढील ठेवून तुम्ही वरच्या पायरीवर चढलात आणि तिथून घसरलात, तर न ताणणाऱ्या दोरीवर मीटरभर पडूनसुद्धा हा आकडा ओलांडला जाऊ शकतो. दातेरी कॅम अशा झटक्याला दोरीची साल फाडते. गाठ आधी थोडी सरकते, सरकताना थोडा झटका खाते, मग धरते. कधी वितळतेही, म्हणून तिच्यासाठी अॅरामिड या धाग्याचं आवरण असलेली दोरी घ्यावी, ती नायलॉनसारखी वितळत नाही. पण खरं सांगू का, एवढी ढील द्यायचीच नाही. टेदर कायम कमरेच्या वर आणि ताणलेला. हे पाळलंत तर जुमार की प्रुसिक या वादातली निम्मी हवा तिथेच निघून जाते.

जुमारची एक खोड मला महागात पडली असती. तो एकाच दिशेने धरतो. एका रविवारी मी तो साफ करायला दोरीवरून काढला होता. पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला कपाळावरच्या दिव्याच्या लाल उजेडात घाईघाईने परत चढवला. शेपूट ओढून पाहिलं, सरकेना. म्हटलं थंडीने आखडलं असेल, लांबी तशीही बरोबर दिसतेय. पहिल्या स्टिकवर चढलो, सवयीने मागे रेललो, आणि दोरी लोण्यातून गेल्यासारखी सुर्रकन गेली. शेपटीला गाठ मारलेली होती म्हणून ती पूर्ण निघाली नाही, पण तोवर मी ओल्या पानांत बसलेला होतो. उंची दोन फूट. यंत्र उलटं बसवलं होतं, आणि न सरकणारं शेपूट मला तेच सांगत होतं. तेव्हापासून त्याच्यावर वरच्या अंगाला नेलपॉलिशचा ठिपका आहे. बायकोची बाटली होती, रंग भडक गुलाबी. लाल उजेडात तो दिसतच नाही हे नंतर कळलं, आता पांढरा आहे.

साध्या प्रुसिकला उलटसुलट नाही, दोन्हीकडे धरतो. पण क्लेमहाइस्ट, डिस्टेल, श्वाबिश या गाठींना वरची बाजू असते. तुम्ही यातली एखादी शिकला असाल तर माझ्यावर हसू नका.

गाठीचीही एक खोड सांगतो. भीतीने माणूस जे हाताला लागेल ते घट्ट धरतो. घसरताना तुमची मूठ गाठीच्या डोक्यावर बसली तर गाठ आवळतच नाही, तुमच्याबरोबर खाली येते. म्हणून तोल गेला तर हात झाडाला, गाठीला नाही. हे अंगणातल्या झाडावर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, मुद्दाम घसरून पाहा. शेजारी बघतील. बघू द्या.

बर्फाळ पावसात भिजून गोठलेल्या दोरीवर दोघांचाही भरवसा कमी. कॅमच्या दातांत बर्फ भरतो, गाठ काठीसारखी कडक होऊन न आवळताच बसून राहते. तेव्हा गाठ मुठीत दाबून बसवायची आणि पायरी सोडण्याआधी हळूहळू वजन टाकून बघायची.

आणि एक गैरसमज. ‘गाठ वजनाखाली सोडवता येते, जुमार नाही’ असं लोक सांगतात. पायरी निसटून तुमचं सगळं वजन झोळीत आलं, तर एकेरी दोरीवर प्रुसिकही सहज सुटत नाही. क्षणभर का होईना वजन काढावं लागतं, आणि त्यासाठी पाय ठेवायला काहीतरी हवं. माझ्या खिशात पट्टीचा एक फास असतो. लटकून राहिलात तर पाय बधिर होतात, विचार करायला फार वेळ मिळत नाही.

जाडी बघा. अकरा मिलिमीटरच्या दोरीवर गाठीसाठी सहा ते आठची दोरी चालते. फार जाड घेतली तर चावत नाही, फार बारीक घेतली तर सुटत नाही. हल्ली लोक वजन वाचवायला आठ मिलिमीटरचा टेदर घेतात आणि त्यावर जुनाच जुमार चढवतात. यंत्रावर किती ते किती जाडी चालते ते कोरलेलं असतं, ते वाचा.

झाडाबद्दल मला कोणी विचारत नाही. एमराल्ड अॅश बोरर हा हिरवा भुंगा २००२मध्ये डेट्रॉइटच्या आसपास सापडला, आणि तेव्हापासून आमच्या भागातली अॅशची झाडं उभ्या उभ्या मेली. सरळ, फांद्या नसलेली, चढायला अगदी आदर्श दिसतात. साल उचकटून खाली नागमोडी नक्षी दिसली तर त्या झाडाला दोरी लावू नका, वर जुमार असो की प्रुसिक.

गेल्या आठवड्यात एका मुलाने त्याच्या गाठीचा फोटो पाठवला. तीन वेढे, पण मधला शेजारच्यावर चढलेला. मी लिहिलं, सोड आणि परत बांध, वेढे शेजारी शेजारी बसव. त्याने तासाभराने दुसरा फोटो पाठवला. या वेळी वेढे बरोबर होते. टेदर मात्र स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायाला बांधलेला होता, आणि खुर्चीवर त्याची आई बसलेली होती.