आमची वाटचाल : पंप शेवटी बदलायचा

सुरुवातीला आमचा हिशेब सोपा होता. बॉयलर गरम, रेडिएटर गार, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी घरभरच्या रेडिएटरांत फिरवणारा सर्क्युलेटर पंप गेला. जुना काढायचा, नवा चढवायचा. काढलेले पंप बाकावर उघडून पाहू लागलो, तेव्हा त्यातले बरेच धडधाकट निघाले. तेव्हापासून आमच्याकडे पान्याआधी मल्टिमीटर बाहेर निघतो.

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली असताना पंपाच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज येतो का, हे पहिलं. येत नसेल तर दोष रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच), थर्मोस्टॅट किंवा झोन व्हॉल्व्हच्या (घराच्या एकेका भागाचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्विचमध्ये शोधायचा. पंपाला हात लावायचा नाही. व्होल्टेज आहे, पंप गुणगुणतो, अंग तापलंय, पण फिरत नाही, तर रोटर (मोटरचा फिरणारा भाग) अडकलाय किंवा मोटर सुरू व्हायला लागणारा कपॅसिटर निकामी झालाय.

घरगुती पंपाचा रोटर पाण्यातच फिरतो आणि बेअरिंगला वंगणही त्याच पाण्याचं. उन्हाळाभर बंद राहिला की गाळ आणि क्षार बसून तो जखडतो. वीज तोडायची, पाणी निवू द्यायचं, खाली फडकं धरायचं आणि मोटरच्या तोंडावरचा मोठा स्क्रू काढायचा. थोडं पाणी येतं, येऊ द्यावं. आत दांड्याच्या टोकाला खाच दिसते. स्क्रू ड्रायव्हर घालून हळूहळू दोन्हीकडे फिरवायचं. पहिला अडसर सुटल्याचं बोटांना नेमकं कळतं. दांडा मोकळा फिरतोय तरी पंप सुरू होत नसेल, तर कपॅसिटर डिस्चार्ज करून मोजायचा. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर तेवढाच बदलायचा. गरजेप्रमाणे स्वतःच वेग बदलणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक पंपांना मात्र हा उपाय लागू नाही. त्यातल्या बऱ्याच पंपांना समोरचा स्क्रूच नसतो.

पंप फिरतोय, पण पाणी हलत नाही, ही तक्रार जास्त फसवी. बंद राहिलेला व्हॉल्व्ह, अडकलेला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा), गाळाने भरलेला इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) किंवा हवा, यांतलं काहीतरी असतं. खडखड आवाज येत असेल तर आधी दाब बघा. थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. वरचेवर घसरत असेल तर गळती आणि एक्स्पान्शन टँकची (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीची) हवा तपासा. पंप टँकच्या जोडाकडे पाणी ढकलत असेल, तर पंपाच्या ओढीच्या बाजूचा दाब पडतो आणि सांध्यांतून हवा आत ओढली जाऊ शकते. कितीही वेळा हवा काढा, ती पुन्हा येते. ही जागेची चूक आहे, पंपाची नाही.

बदलायचाच ठरला तर लांबी मोजा: बऱ्याच घरगुती पंपांची १३० किंवा १८० मिमी असते. नट कितीचे तेही बघा. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा. जुने गेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत, म्हणून बादली हाताशी असू द्या. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला तुकडा राहिला की नवा बसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. सांधा सपाट गॅस्केटने बंद होतो, आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही. बाण पाण्याच्या दिशेने, दांडा आडवा, वायरिंगचा डबा वर किंवा बाजूला. खाली असला की सांध्याचं पाणी थेट त्यात. चालू केल्यावर गरम असताना एकदा, निवल्यावर पुन्हा, दोन्ही सांध्यांवर कोरडं बोट फिरवा.

आमचं काम सर्वांत जास्त बदललं ते इलेक्ट्रॉनिक पंपांनी. जुना तीन वेगांचा पंप साठ-सत्तर वॅट सतत खायचा. तेच काम नवा बऱ्याचदा वीसच्या आत करतो. पण त्याच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं आणि पाण्यातला काळा मॅग्नेटाइट (लोखंडाच्या गंजाचा गाळ) त्याला चिकटतो. म्हणून जुन्या नळांवर नवा पंप चढवण्याआधी पाइप धुतो आणि परतीच्या नळावर चुंबकी गाळणी लावतो. ग्राहकाला हा खर्च नको असतो, पण त्याशिवाय आम्ही पंप बसवत नाही. रेडिएटरांवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली तापली की आपोआप मिटणारे) असतील तर पंपाची सेटिंग प्रमाणबद्ध दाबाची, म्हणजे प्रवाह घटला की दाबही घटणारी; जमिनीखालच्या नळ्यांना स्थिर दाबाची. सेटिंग सर्वांत वर ठेवली की व्हॉल्व्ह शिटी मारू लागतात, आणि मग पुन्हा नवाच पंप खराब म्हणून फोन येतो.