फक्कीनं आखलेलं टेनिस कोर्ट

मी शाळेत खेळ शिकवतो. कबड्डी, खो-खोची मैदानं फक्कीच्या पांढऱ्या भुकटीनं आखण्यात बरीच वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला टेनिसचं जाळं आणि चार रॅकेट दिल्या, आणि मागच्या मुरमाच्या मैदानावर कोर्ट आखायचं काम माझ्याकडे आलं. टेनिस मी तोवर टीव्हीवरच पाहिलेलं. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून काही वर्षं एटीपीची, म्हणजे व्यावसायिक पुरुष टेनिसपटूंची, स्पर्धा व्हायची, पण तिकडंही जाणं झालं नव्हतं.

मापं पाठ केली. लांबी ७८ फूट, रुंदी दुहेरीला ३६ आणि एकेरीला २७. भोवती धावायला जागा धरून १२० बाय ६० फूट मैदान लागतं, तेवढं आमच्याकडे होतं. अडचण आली काटकोनाची. पहिल्या दिवशी सुतळी ताणून चौकोन काढला, तो एका बाजूला कलला. मग गणिताच्या सरांनी कर्ण काढून दिला. जाळ्याच्या रेषेवर ३६ फुटांच्या अंतरानं दोन खुंट्या ठोकायच्या. एका खुंटीपासून सरळ ३९ फूट, दुसरीपासून तिरका ५३ फूट १ इंच. दोन्ही टेप जिथं भेटतील, तो बेसलाइनचा, म्हणजे मागच्या रेषेचा कोपरा. एक टेप शिपाईमामांनी धरला, एक मी. त्या ठिकाणी खुंटी बसली तेव्हा फार समाधान वाटलं.

सर्व्हिस लाइनला, म्हणजे खेळ सुरू करणारा चेंडू ज्या रेषेच्या आत पडावा लागतो तिला, मात्र चूक झाली. ती जाळ्यापासून २१ फुटांवर असते, मी बेसलाइनपासून २१ मोजली. सर्व्हिसची चौकट तीन फुटांनी आखूड झाली आणि मुलांच्या चांगल्या सर्व्हिस बाहेर जायला लागल्या. दोन दिवसांनी लक्षात आलं. रेषा झाडूनं पुसली, मुलांना माझी चूक सांगितली आणि पुन्हा आखली.

कडेच्या साडेचार फुटी पट्ट्या मुलांना कबड्डीमुळे चटकन समजल्या. लॉबी कशी झटापट सुरू झाली की मैदानात धरतात, तशा या पट्ट्या दुहेरीतच धरतात. पण एक फरक वारंवार सांगावा लागला: दुहेरीतही सर्व्हिस पट्टीत पडून चालत नाही, ती समोरच्या तिरक्या चौकटीतच पडली पाहिजे. पहिली चुकली तर दुसरी मिळते. जाळ्याला लागून चौकटीत पडली तर ती सर्व्हिस पुन्हा. रॅलीत, म्हणजे नंतर चेंडूची देवाणघेवाण चालू असताना, तो जाळ्याला लागून पलीकडे गेला, तर खेळ थांबवायचा नाही. आणि सर्व्हिस मारण्याआधी बेसलाइनवर पाय पडला की फॉल्ट, म्हणजे ती सर्व्हिस चुकली.

चेंडू रेषेला नुसता चाटला तरी आत. यावर सुरुवातीला भांडणं झाली. मग मुलांनीच निकाल लावला: फक्की उडाली की आत. मुरमावर ते लांबूनही दिसतं, पांढरा धूर उठतो.

जाळं मध्यभागी ३ फूट आणि खांबांशी साडेतीन फूट लागतं. मधला पट्टा आम्ही जुन्या दप्तराचा लावलाय.

परवा अवकाळी पावसानं सगळ्या रेषा गेल्या. शाळेत पोचलो, तर सातवीतल्या दोन मुली टेप घेऊन उभ्या होत्या. "सर, त्रेपन्न फूट एक इंच ना?"