बिल्डरूटमध्ये आपला ड्रायव्हर घालताना

बिल्डरूट म्हणजे छोट्या बोर्डांसाठी कर्नल आणि प्रोग्रामांसकट लिनक्सची पूर्ण इमेज बांधून देणारं साधन. आपला ड्रायव्हर थेट बिल्डरूटच्या पॅकेज फोल्डरमध्ये टाकला तरी बिल्ड होतो. पण बिल्डरूटची नवी आवृत्ती दर तीन महिन्यांनी येते आणि प्रत्येक वेळी ते बदल नव्याने बसवत बसावं लागतं. त्यापेक्षा आपलं सगळं बाहेर, वेगळ्या गिट रेपोमध्ये ठेवावं. बीआर२_एक्स्टर्नलची सोय त्यासाठीच आहे.

त्या बाहेरच्या फोल्डरमध्ये तीन फाइली असाव्याच लागतात: एक्स्टर्नल.डेस्क, कॉन्फिग.इन आणि एक्स्टर्नल.एमके (टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये). पहिलीत फोल्डरचं नाव, दुसरीत प्रत्येक पॅकेजच्या कॉन्फिग फाइलचा उल्लेख, तिसरीत सगळ्या पॅकेजांच्या एमके फाइली (पॅकेज कसं बांधायचं हे सांगणाऱ्या) ओढून घेणारी एक ओळ. मेक (बिल्ड चालवणारी कमांड) चालवताना या फोल्डरचा पाथ एकदाच द्यायचा. तो आउटपुट फोल्डरमध्ये नोंदवला जातो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावांपायी. पॅकेज 'टेम्प-सेन्सर' असेल तर फोल्डरचं नाव तेच, एमके फाइलचं नाव तेच, फाइलमधल्या व्हेरिएबलांची सुरुवात कॅपिटलमध्ये 'टेम्प_सेन्सर_' अशी आणि कॉन्फिगमधलं चिन्ह 'बीआर२_पॅकेज_टेम्प_सेन्सर'. डॅशच्या जागी अंडरस्कोअर. यात एक अक्षर चुकलं तर एररसुद्धा येत नाही. मेन्यूमध्ये टिक दिसते, बिल्ड हिरवा होतो आणि इमेजमध्ये पॅकेजचा पत्ताच नसतो.

कर्नल मॉड्यूलसाठी (चालू कर्नलमध्ये घालता येणाऱ्या ड्रायव्हरसाठी) एमके फाइलच्या शेवटी दोन इव्हॅल ओळी येतात: आधी कर्नल-मॉड्यूल, मग जेनेरिक-पॅकेज. हा क्रम उलटा चालत नाही. ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये ऑब्ज-एम ची एक ओळ पुरते. कंपायलर, आर्किटेक्चर, कर्नलचा पाथ हे सगळं बिल्डरूट पुरवतो. ड्रायव्हर दोन-तीन सी फाइलींचा असेल तर मॉड्यूलचं नाव त्यातल्या कुठल्याच फाइलचं नसावं, नाहीतर मेक 'सर्क्युलर डिपेंडन्सी' म्हणून कुरकुरतो.

साध्या प्रोग्रामचं पॅकेज असेल तर लायब्ररी दोन ठिकाणी सांगावी लागते: कॉन्फिगमध्ये सिलेक्ट आणि एमकेमध्ये डिपेंडन्सीज. फक्त एमकेमध्ये लिहिली तर बिल्डरूट लगेच ओरडतो. फक्त कॉन्फिगमध्ये लिहिली तर मात्र गप्प बसतो. तुमच्या मशीनवर ती लायब्ररी आधीच तयार असते, म्हणून चालून जातं. सर्व्हरवर कोऱ्या बिल्डमध्ये हेडर सापडत नाही. दुसरं म्हणजे मेकफाइलमध्ये जीसीसी थेट लिहिलेलं असेल तर प्रोग्राम बोर्डाऐवजी तुमच्या पीसीसाठी तयार होतो. टार्गेट_सीसी (बोर्डासाठीचा कंपायलर) बाहेरून द्यावं. दिलं नाही तरी इन्स्टॉलच्या टप्प्यावर आर्किटेक्चर तपासलं जातं, त्यामुळे ही चूक निदान लपत नाही.

लपते ती शिळ्या आउटपुटची. मेन्यूमधून टिक काढली तरी आधीच्या फाइली टार्गेट फोल्डरमध्ये तशाच राहतात. त्या जायला मेक क्लीनच लागतं. कोड बदलल्यावर 'टेम्प-सेन्सर-रीबिल्ड' चालवलं तरी इमेज नवी होत नाही, त्यापुढे नुसतं मेक चालवावं लागतं. कर्नलचं कॉन्फिग लिनक्स-मेन्यूकॉन्फिगमधून बदललं असेल तर लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग करून ते आपल्या रेपोत ठेवा, नाहीतर पुढच्या क्लीनमध्ये ते गेलंच म्हणून समजा. आणि कर्नल पुन्हा बांधला म्हणून आपलं मॉड्यूल पुन्हा बांधलं जात नाही. त्याचं डर्क्लीन (बिल्ड फोल्डर पुसणं) हाताने करा.

बोर्डावर मॉडप्रोब (मॉड्यूल चढवणारी कमांड) 'सापडत नाही' म्हणाला तर आधी युनेम -आर चं उत्तर (चालू कर्नलची आवृत्ती) आणि /लिब/मॉड्यूल्स मधलं फोल्डर जुळतंय का बघा. बूट पार्टिशनवर जुना कर्नल आणि रूट फाइलसिस्टिम नवी, हे फार वेळा घडतं. तेच मॉड्यूल इन्समॉडने पूर्ण पाथ देऊन घातलं तर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येतं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) मॉड्यूलची आणि चालू कर्नलची अशी दोन्ही व्हर्जन मॅजिक (आवृत्तीच्या खुणा) शेजारी-शेजारी छापलेली दिसतात.

मॉड्यूल चढलं पण प्रोब (डिव्हाइस जुळल्यावर चालणारं ड्रायव्हरमधलं फंक्शन) चाललं नाही, तर डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) उघडा. कंपॅटिबलची स्ट्रिंग ड्रायव्हरमधल्या स्ट्रिंगशी अक्षरशः जुळायला हवी, स्वल्पविरामानंतर एक स्पेस जास्त असली तरी जुळत नाही. नोडचं स्टेटस 'डिसेबल्ड' तर नाही ना, तेही बघा. हाताने चढतं पण बूटच्या वेळी आपोआप चढत नसेल तर कोडमध्ये मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल (ड्रायव्हर कोणत्या डिव्हाइससाठी आहे ते जाहीर करणारी ओळ) लिहायचं राहिलेलं असतं, किंवा डिव्हाइस व्यवस्थापनासाठी बोर्डावर यूडेव्हसारखं काही नसतं.

कर्नलची आवृत्ती बदलताना बाहेरचा ड्रायव्हर मोडणार हे धरूनच चाला. कर्नल ६.४ मध्ये क्लास_क्रिएट या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट, धिस_मॉड्यूल, काढून टाकला. जुन्या कॅरॅक्टर ड्रायव्हरांत कंपाइल एरर येते ती बहुधा त्याच ओळीवर. एकच कोड जुन्या-नव्या दोन्ही कर्नलवर चालवायचा असेल तर लिनक्स_व्हर्जन_कोड ची (कर्नलच्या आवृत्तीच्या आकड्याची) अट घाला.