उजनीचे पाणी उतरताना: भिगवणच्या हंगामातील नोंदी

भिगवण परिसरात उजनीच्या फुगवट्यावर नोंदी ठेवताना यंदा एक बदल केला: पक्ष्याच्या नावापुढे केवळ संख्या न लिहिता तो किती खोल पाण्यात होता आणि काय टिपत होता, हेही लिहीत गेलो. भीमेवरील या धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा (धरणातून सहज सोडता न येणारे तळाचे पाणी) असल्यामुळे, उन्हाळ्यात धरण ‘वजा’त गेले तरी जलाशय कोरडा पडत नाही, पाणी मागे सरते आणि कुंभारगाव-डिकसळच्या बाजूस चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. दिवाळीच्या सुट्टीत रोहित (फ्लेमिंगो) पाहायला येणाऱ्यांची अनेकदा निराशा होते ती यामुळेच, कारण त्या वेळी तुडुंब भरलेल्या पाण्यात या पक्ष्यांना पाय टेकायलाच जागा नसते.

पाणी उतरू लागल्यावर काठाची वाटणी स्पष्ट दिसते. ओल्या चिखलावर स्टिंट हे चिमुकले पक्षी, घोटाभर पाण्यात लांब पायांचे शेकाटे आणि त्यापलीकडे मान उलटी घालून पाणी गाळणारे रोहित, असा क्रम वारंवार आढळला. चिखल्या पक्ष्यांची (चिखलात व उथळ पाण्यात अन्न टिपणाऱ्या पक्ष्यांची) ओळख पटवणे हे माझे या हंगामातील मुख्य काम होते, आणि त्यात पिसाऱ्यापेक्षा पाय व उड्डाण यांचाच अधिक उपयोग झाला. लिटल स्टिंटचे पाय काळे, तर टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर. मात्र पायांना चिखल लागलेला असेल तर हा फरक मिटतो, म्हणून पक्षी पाण्यातून चालत बाहेर येईपर्यंत स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) त्याच्यावरच रोखून ठेवावा. ग्रीन सँडपायपर उडताच पंखांची काळपट खालची बाजू आणि पांढरीशुभ्र कंबर डोळ्यांत भरते. वूड सँडपायपरच्या पंखांची खालची बाजू फिकट असते, आणि बसलेला असताना डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली पांढरी भुवई दिसते.

पट्टकादंबांसाठी (बार-हेडेड गूज या हंसांसाठी) होडी घेण्याची गरज नाही, असे माझे मत झाले आहे. ते दिवसा काठावर विसावतात आणि पहाटे-संध्याकाळी हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरायला जातात, त्यामुळे दुपारी काठावरून शांतपणे पाहिल्यास डोक्यावरचे दोन्ही काळे पट्टे दुर्बिणीतून सहज दिसतात. होडी जवळ गेली की सारा थवा उठतो, छायाचित्र मिळते आणि निरीक्षण संपते.

नदी सुरय (रिव्हर टर्न) या पक्ष्याबाबत एक विनंती आहे. मार्चपासून उघड्या पडणाऱ्या उंचवट्यांवर ते जमिनीवरच अंडी घालतात. पाणी आणखी उतरले की ही बेटे काठाला जोडली जातात आणि कुत्री तेथवर पोहोचतात. आपल्या पावलांचीही त्यात भर नको, म्हणून अशा जागांची नोंद करताना नेमके ठिकाण जाहीर करू नये.

पुढील हंगामात ऑगस्टअखेरीपासूनच सुरुवात करणार आहे. धरण भरत असताना येणारे पहिले चिखल्या पक्षी शेतातील डबक्यांवर किती दिवस थांबतात, हे त्या वेळी पाहायचे आहे.