मामाच्या विहिरीवर

आज लई दिवसांनी औशाजवळ मामाच्या विहिरीत उतरलो, तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायची जुनी पैज, पण वीसेक फुटावरच कान असे ठणकायले की रिकाम्या हातानंच वर आलो. टेक्निकल डायव्हिंग, म्हणजे पाठीला टाक्या बांधून पाण्यात लई खोल जायचं, ते करणारा मामेभाऊ काठावर बसून हसायला. म्हणला, दादा, आम्ही ४० मीटरच्या खाली जातो, तिथं दाब ५ पट, हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो म्हणून हेलियम मिसळायचं, अन् घाबरून झटकन वर आलं की अंगात बुडबुडे, सोड्याची बाटली फोडल्यागत! खाली काही मिनिटं, वर येताना मात्र थांबत थांबत तासभर नाहीतर जास्तच. मग मरायला जातोस कशाला? तर म्हणे तिथं फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, फोन नाही काही नाही. मामी म्हणली, मग इथंच बस की, मळ्यात कुठं रेंज येती.