तुम्ही विचारलंत म्हणून: सामने बघतो, पण लिहीत का नाही

"सर, आर्सेनलचे सामने रात्र रात्र जागून बघता, मग सोशल मीडियावर एक ओळही का लिहीत नाही?" परभणीच्या मैदानावर येणारी मुले हे इतक्या वेळा विचारतात की आता एकदाच लिहून टाकतो (हेही कुठेतरी फिरेलच, याची कल्पना आहे). आर्सेनल हा लंडनचा फुटबॉल क्लब, आणि मी त्याचा चाहता. आजवर ‘वेळ मिळत नाही’ असे सांगून मी सुटका करून घेतली. ते खरे नव्हते.

27 ऑक्टोबर 2019, लक्ष्मीपूजन. पाऊस उघडीप द्यायला तयार नव्हता. ताडपत्रीखालच्या गंजीतले सोयाबीन काळे पडले होते आणि शेंग उकलून पाहावी तर आत कोंब. पूजा आटोपून रात्री दहाला मी क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना लावला. पहिल्या 9 मिनिटांत दोन गोलांची आघाडी, आणि मग नेहमीप्रमाणे ती घालवून 2-2. त्यानंतर कर्णधार ग्रानिट झाकाला बाहेर बोलावून बुकायो साकाला उतरवले. झाका रेंगाळत चालला म्हणून आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेव्हा त्याने कानामागे हात धरून ‘अजून ओरडा’ अशी खूण केली, शिवी हासडली आणि जर्सी काढून तो तडक आत निघून गेला.

मी मोबाईल उचलला आणि लिहिले की याचे पाय मोडले तरच आपली सुटका होईल. मधल्या फळीच्या रचनेवर मी तासभर खपून लिहिलेल्या मजकुराला सहा लाइक मिळत, त्यांतले दोन मेहुण्यांचे. या एका ओळीला सकाळपर्यंत दीडशे मिळाले. माझ्याच नववीच्या वर्गातल्या एका मुलाने खाली झाकाच्या बायकोविषयी जे लिहिले, ते इथे लिहिता येणार नाही. त्यावर मी हसरा चेहरा टाकला. मी, त्याच्या वर्गशिक्षकाने.

चार दिवसांनी झाकाने निवेदन काढले. लोक त्याचे पाय मोडू म्हणत होते, बायकोला मारू म्हणत होते, मुलीला कर्करोग व्हावा असे लिहीत होते. पहिली धमकी वाचताना माझेच वाक्य कोणीतरी इंग्रजीत छापल्यासारखे वाटले.

मराठीतली ओळ त्याच्यापर्यंत पोचली नसणार, हे मला ठाऊक आहे, आणि तेव्हाचा मी आजही याच मुद्द्यावर माझ्याशी भांडतो: चाहत्याने रागवायचे नाही, तर काय आरती ओवाळायची? दिवसभर कोंब फुटलेले सोयाबीन चाळून आलेल्या माणसाने कोणावर ओरडायचे? माझ्याकडे चोख उत्तर नाही. झाका त्या दिवशी वाईटच खेळला, हे मतही मी बदललेले नाही. पण त्या मुलापर्यंत माझी ओळ पोचली होती, आणि सोमवारी सुट्टी होती म्हणून मला त्याच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही, याचे मला बरे वाटले होते.

पुढे झाकाने त्याच प्रेक्षकांच्या टाळ्या मिळवल्या, 2023 मध्ये तो लेव्हरकुसेन या जर्मन क्लबमध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता बुंडेसलिगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकलेल्या संघात होता. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांनी ‘आपला झाका’ म्हणून फोटो टाकले. मला टाकवला नाही. खाते त्याआधीच बंद केले होते, हे एक कारण, तेवढेच नव्हते.

तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. आर्सेनल हरले की अजून मला व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही पाठवतो. परवा एका बचावपटूविषयी पाठवले. मी वाचले, हसूही आले, आणि उत्तर दिले नाही.