‘सर’ म्हटलं की मी मागे बघतो

वय २२, आणि शिवाजी पार्कवर सकाळी साडेसहाला क्रिकेट शिकायला येणारी दहा-बारा पोरं मला ‘सर’ म्हणतात. पहिले दोन दिवस मी मागे वळून बघायचो, कोण आलं म्हणून.

पहिल्याच दिवशी स्ट्रेट ड्राइव्हवर भाषण ठोकलं. डावा खांदा पुढे, डावं कोपर वर, डोकं स्थिर. पाच मिनिटांनी एक चिमुरडा म्हणाला, “सर, मी लेफ्टी आहे.” झालं!

दुसरा एक नऊ वर्षांचा. प्रत्येक बॉल सरळ न जाता आडवा, मिडविकेटला. आठवडाभर मी त्याची ग्रिप सुधारत बसलो. मग लक्षात आलं, बॅट दादाची आहे. हँडल पोटात टोचतंय, म्हणून ती आडवीच येते. किटमधली लहान, चार नंबरची दिली. तिसरा बॉल सरळ माझ्या नडगीवर. इतका आनंद कधी दुखला नव्हता.

याच मैदानावर सचिन तेंडुलकरचे कोच आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आउट न होता नेट संपवलं की ते सचिनचं. मीही ठेवलं. पहिल्याच बॉलला बेल्स उडाल्या, नाणं लाल मातीत गडप. अख्खी बॅच नेट सोडून शोधायला गुडघ्यांवर.

“सर, उद्या पाचाचं आणा, मोठं दिसतं.”